तू मागे बसली होतीस ना, मग ऐक

सगळ्यात आधी ती बिलं उशीखालून काढ. सासूबाईंच्या नजरेला आकडा पडू नये म्हणून लपवलीस, ते कळतं गं मला. पण औषधाच्या पावत्या, एक्स-रेचं बिल, अ‍ॅम्ब्युलन्सला दिलेले पैसे, अनामत भरल्याची चिठ्ठी, यातला एकेक कपटा पुढे कामाचा आहे. जाड पाकिटात तारखेनुसार लाव. ज्याची पावती घेतली नाही, ती आजच मागून आणायला सांग जावईबापूंना. आणि त्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेव. त्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात आणि तुझं हे प्रकरण त्याहून जास्त दिवस चालणार आहे.

आता ते रडणं. "ताई, गाडीचा नंबरच कोणी पाहिला नाही, मागायचं तरी कोणाला?" कालपासून हेच चाललंय तुझं. भेटायला येणारेही तेच म्हणतात, जीव वाचला ना, मग सोडून द्या. मंडईच्या दिवसांत आपल्याकडे असं होतंच, म्हणे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडईच्या जत्रा, रात्रभर दंडार नाहीतर नाटक, आणि मग पहाटेच्या थंडीत शाल गुंडाळून मोटारसायकलवर परतणारी माणसं. त्याच रस्त्यावर धानाचे ट्रॅक्टर मागच्या लाल दिव्याशिवाय चालतात, आणि कोहमारा-देवरीच्या हायवेला तर रायपूर-नागपूरचे ट्रक रात्रीचेच जोरात असतात. धडक देणारा थांबत नाही. पडलेल्या माणसाने नंबर वाचायचा कधी? म्हणूनच नंबर न मिळालेल्या अपघाताची कायद्यात वेगळी सोय आहे. त्यातून तू गाडी चालवत नव्हतीस, दिरांच्या मागे बसली होतीस, ही गोष्ट तुझ्या बाजूची आहे. ती कशी, ते सांगते. पण आधी दवाखान्याचं बघू, कारण तिथलं घड्याळ चालू आहे.

अपघाताला अजून आठवडा झालेला नाही. केंद्र सरकारने ५ मे २०२५ ला एक योजना लागू केली. मोटार वाहनामुळे रस्त्यावर जखमी झालेल्या कोणालाही, अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयात कॅशलेस उपचार. यात रेशन कार्डाचा रंग विचारत नाहीत. धडक देणाऱ्याचा पत्ता नसला तरी अडत नाही, तो खर्च सरकारने ठेवलेल्या निधीतून जातो. मोटार वाहन कायद्यात हे कलम, १६२ वं, आधीच लिहून ठेवलेलं होतं. योजना मात्र येईना. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला तारीख घालून दिली, तेव्हा कुठे ती कागदावर उतरली.

तर जावईबापूंना सांग, काउंटरवर जाऊन नीट शब्दांत विचारा, "तुमचा दवाखाना रस्ता अपघाताच्या कॅशलेस योजनेत आहे का?" आयुष्मानच्या यादीतला दवाखाना असेल तर बहुधा असतो. 'नाही' म्हणाले तर त्यांनी तुला स्थिर करून यादीतल्या दवाखान्यात पाठवायचं, एवढीच त्यांची जबाबदारी उरते, आणि मग तुझं ऑपरेशन इथे करायचं की हलवायचं हे तुम्ही डॉक्टरांशी बोलून आजच ठरवायचं. 'आहे' म्हणाले तर हा रस्ता अपघातच आहे, याला पोलिसांचा दुजोरा लागतो. तो आला की नाही, हे दवाखाना आणि ठाणं एकमेकांवर ढकलतात. मध्ये आपला माणूस उभा राहावा लागतो. माझ्या नणंदेच्या वेळी एका खासगी दवाखान्यातला काउंटरवरचा पोरगा सरळ म्हणाला, असं काही नसतंच. तिच्या नवऱ्याने शांतपणे कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, मग तेवढंच लिहून सही करून द्या. त्यानंतर आतून मॅनेजर आले. लेखी मागण्यात भांडण नसतं बाई, आणि काम होतं. तरीही कोणी टोलवलंच, तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, या योजनेच्या तक्रारी तिच्याकडे जातात.

आठवडा उलटला किंवा दीड लाख संपले, तरी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आधी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डालाही उघडली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रस्ता अपघातासाठी आधी ३० हजारांची मर्यादा होती, ती त्याच निर्णयाने एक लाखावर नेली. यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. टेबल कोपऱ्यात असतं आणि कधीकधी टेबलावर फक्त पाटी असते, पण त्याला शोधा. सापडला नाही तर १५५३८८ ला फोन करा. आणि हे कान देऊन ऐक. ही योजना आधी मंजुरी आणि मग उपचार अशी चालते. खिशातून भरून नंतर बिल दाखवलं तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून "आत्ता भरून टाका, नंतर योजनेतून बघू" असं कोणी म्हणालं तर भरू नका. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून चालतात.

गोंदियाच्या सरकारी केटीएस दवाखान्याचं नाव काढलं की तुझ्या सासरी नाकं मुरडतात, माहीत आहे. गर्दी आहे, खाटांची ओढाताण आहे, खोटं कशाला बोलू. पण २०१६ ला मेडिकल कॉलेज सुरू झाल्यापासून तिथे हाडांचे डॉक्टर चोवीस तास मिळण्याची शक्यता वाढलीय, आणि पायाच्या हाडाच्या सरळ मोडीसाठी जमीन गहाण टाकण्यापेक्षा तिथली रांग मला परवडते. गुंतागुंत असली की ते स्वतःच नागपूरला मेडिकलला पाठवतात. तसं झालं तर रेफर केल्याची चिठ्ठी, गाडीभाडं, सोबत्याच्या राहण्याजेवणाचा खर्च, सगळं त्याच पाकिटात. मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये नुकसानभरपाई मोजताना औषधांबरोबर प्रवास, सेवा करायला ठेवलेलं माणूस, पौष्टिक आहार, हेही धरतात.

पोलिसांचं काय झालं? दवाखान्याने एमएलसी केली म्हणजे आपली तक्रार झाली असं घरच्यांनी गृहीत धरलंय. एमएलसी म्हणजे दवाखान्याने ठाण्याला दिलेली खबर. आपल्याला हवा एफआयआर, 'अज्ञात वाहनचालका'विरुद्ध. तू उठू शकत नाहीस, तर हवालदार खाटेशी येऊन तुझा जबाब घेतील. तसा हट्ट धर. अपघात देवरीच्या हद्दीत आणि तू गोंदियात, म्हणून कोणी हात झटकू शकत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, मग ती योग्य ठाण्याकडे जाते. तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय जावईबापूंनी ठाण्याची पायरी उतरायची नाही. घटनास्थळाचा पंचनामाही लवकर व्हायला हवा. फुटलेली काच, रंगाचा ओरखडा, घासलेल्या टायरची खूण रोजच्या रहदारीत टिकत नाही. जवळच्या पेट्रोल पंपाचा, ढाब्याचा सीसीटीव्ही बघा म्हणून पोलिसांना लेखी सांगा. कॅमेऱ्यात जुनं पुसून नवं चढत राहतं.

जबाबात काय सांगायचं, असं विचारलंस. घडलं ते. वेग किती होता, दिवा चालू होता का, तू झोपेत होतीस का, दिरांनी ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली होती का. दिरांना वाचवायला काही लपवू नकोस, आणि पैशासाठी काही रचू नकोस. एकदा लिहिलेला जबाब वर्षभराने कोर्टात तुझ्यासमोर वाचला जातो.

अजून एक कागद असा आहे की ज्याच्याकडे कोणी बघत नाही. डॉक्टरांचा दुखापतीचा दाखला. त्यात 'साधी' की 'गंभीर' यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कायद्याच्या लेखी हाड मोडणं किंवा सांध्यातून निसटणं ही गंभीर दुखापत. दात तुटला तरी गंभीर. आणि १५ दिवस तीव्र वेदनेत काढावे लागले किंवा रोजची कामं करता आली नाहीत तरीही. तुझा पाय मोडलाय, त्यामुळे तुझ्याबाबत वाद नको. तरी डिस्चार्ज कार्डावर फ्रॅक्चर स्पष्ट लिहिलंय का, ते वाचूनच घरी ये.

आता नंबर नसलेल्या गाडीचा पैसा. मोटार वाहन कायद्याचं कलम १६१. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते, त्यामुळे जुने लोक 'त्यात काय मिळतंय' म्हणतात, त्यांचं ऐकू नकोस. बिल किती झालं याच्याशी या रकमेचा संबंध नाही. बिल वीस हजार असलं तरी पन्नास, दोन लाख असलं तरी पन्नासच. अर्ज कोर्टात करायचा नाही, वकील लागत नाही. अपघात ज्या तालुक्यात झाला तिथले तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी हे दावा चौकशी अधिकारी. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि हमीपत्र, एफआयआरची प्रत, दुखापतीचा दाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, तुझ्या स्वतःच्या नावाच्या पासबुकाची झेरॉक्स, आणि कॅशलेस उपचार झाले असतील तर दवाखान्याने केलेल्या दाव्याची प्रत. तहसीलदारांनी महिन्याभरात अहवाल कलेक्टरांकडे पाठवायचा, कलेक्टरांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची, आणि पुढच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने पैसे खात्यात टाकायचे. नियमातले दिवस सांगितले हं मी. म्हणून अर्ज देताना पोचेवर शिक्का आणि तारीख घे. त्या तारखेपासून तुला विचारता येतं.

हे सगळं इतकं सरळ आहे, मग लोकांना मिळत का नाही? कारण सांगतच नाही कोणी. कोइमतूरला हाडांचे एक मोठे डॉक्टर आहेत, डॉ. एस. राजशेखरन. मोडलेली माणसं जोडता जोडता ते २०१२ मध्ये रस्ते सुरक्षेसाठी सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्याच प्रकरणात १२ जानेवारी २०२४ ला कोर्टाने हिट अँड रनचा हिशेब मांडला. २०२२ या एका वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ मध्ये या योजनेत दावे आले फक्त २०५. त्यातले निकाली निघाले ९५. वाचलं तेव्हा मला आधी वाटलं छपाईची चूक असेल. कोर्टाने मग सांगितलं की महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर ठाणेदाराने जखमीला लेखी कळवायचं, तुम्हाला या योजनेत दावा करता येतो, आणि चौकशी अधिकाऱ्याचं कार्यालय अमुक ठिकाणी आहे. तपासाचा अहवालही त्या अधिकाऱ्याकडे पोलिसांनीच पाठवायचा. तेव्हा महिना झाला की जावईबापूंनी ठाण्यात जाऊन त्या पत्राची मागणी करायची. 'कसलं पत्र' म्हणाले तर सुप्रीम कोर्टाचं नाव आणि तारीख सांगायची.

तुझा भाऊ मात्र ट्रकवाल्याला शोधून काढायच्या मागे लागलाय. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची कैद झालीच पाहिजे म्हणतो. त्याला सांग, त्या शिक्षेच्या ज्या पोटकलमावरून २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते १ जुलै २०२४ ला नवा फौजदारी कायदा आला तेव्हा लागूच केलं नाही. शोध पोलिसांना करू दे. ट्रक सापडला तर उत्तमच, मग त्याच्या विमा कंपनीवर पूर्ण दावा होतो आणि हे पन्नास हजार त्यातून वळते होतात. पण तो सापडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही.

आता खरी अवघड गोष्ट. ज्यासाठी मी इतकी लांबण लावली.

तू दिरांच्या मोटारसायकलवर होतीस. त्या गाडीचा विमा आहे, आणि गाडीवर मागे बसलेली म्हणून तुझा त्या विमा कंपनीकडे हक्क असू शकतो. असू शकतो म्हणते, कारण ते पॉलिसीवर आहे. हे मी फोनवर बोलले तशी तू एकदम गप्प झालीस. मग म्हणालीस, "ताई, घरच्याच माणसावर केस? या घरात राहायचंय मला." त्यांनी तुला उचलून रिक्षात घातलं, स्वतःचा खांदा निखळलेला असताना. ते मी विसरले नाही. पण नीट समजून घे, पैसे दिरांच्या खिशातून जात नाहीत. ज्या कंपनीला ते दरवर्षी हप्ता भरतात, ती देते. कागदावर त्यांचं नाव येतं, कारण गाडी त्यांची आहे. गाडीच्या स्वतःच्या दुरुस्तीचा दावा केला तर नो क्लेम बोनस जातो, तुझ्या दाव्याने तो जात नाही. आणि दिरांची चूक होती असं म्हणावंच लागतं असंही नाही. कलम १६४ मध्ये कोणाचीही चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मृत्यू झाला असता तर पाच. ती भरपाई बिलापुरती नाही, ठोक आहे.

चूक खरोखर दोघांची असेल, ट्रकवाल्याचीही आणि दिरांचीही, तर कलम १६६ चा मोठा दावा असतो. त्यात बिलं, बुडालेली कमाई, पुढचे उपचार, पाय आखूड राहिला तर त्याचा हिशेब, सगळं येतं. इथे मागे बसलेल्या माणसाचं पारडं जड आहे. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये खेनयेई प्रकरणात स्पष्ट केलंय की दोन चालकांच्या मिळून झालेल्या चुकीत तिसरा माणूस जखमी झाला, तर तो दोघांपैकी कोणा एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. एक पळाला म्हणून दुसऱ्याकडून अर्धेच घ्या, असं तुला कोणी सांगू शकत नाही. चालवणाऱ्याच्या वाट्याची चूक तुझ्या नावावर लागत नाही. बुडालेली कमाई म्हटलं की तू म्हणशील मी कुठे कमावते. रोवणीला आणि कापणीला जातेस ते काय आहे? आणि घरात राबतेस त्यालाही किंमत आहे, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. वकिलाने अर्जात 'गृहिणी, उत्पन्न निरंक' लिहिलं तर सही करू नकोस.

पण पॉलिसी. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर दुचाकीवर मागे बसलेल्याला ती धरत नाही. तिलक सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच ते सांगितलंय, आणि कंपन्यांचे वकील ते तोंडपाठ म्हणतात. पॅकेज, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात, ती असेल तर मागे बसलेली व्यक्ती धरली जाते. विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसं लिहून कळवलं. चारचाकीत बसलेल्यांनाही तोच न्याय. गंमत अशी की सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी पाच वर्षांची सक्तीची आहे, पण फुलचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. शोरूममधून बाहेर पडताना सगळं असतं, दुसऱ्या वर्षी फुलचा भाग संपतो, आणि घरात सगळे निवांत, आपला विमा पाच वर्षांचा आहे म्हणून. दिरांची गाडी कधीची आहे, आणि अपघाताच्या तारखेला कोणता भाग चालू होता, ते आधी बघायला हवं. पॉलिसीवर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लिहिलेला दिसेल. तो गाडीच्या मालकाचा, स्वतः चालवत असताना. तुझा नाही. मागे बसणाऱ्यासाठी तो वेगळा घ्यावा लागतो, थोडक्या पैशांत मिळतो, आणि एजंट स्वतःहून सुचवतोच असं नाही.

आणि नुसती थर्ड पार्टी निघाली, किंवा दिरांचं लायसन्स संपलेलं निघालं, तर? तेव्हा भार कंपनीवरून घसरून दिरांवर येऊ शकतो. लायसन्सच्या बाबतीत कधी कंपनी तुला देते आणि त्यांच्याकडून वसूल करते. कायदा तुला तिथेही दावा करू देतो. मी मात्र कर म्हणणार नाही. चार एकर धानाच्या माणसावर लाखांची वसुली आणून ज्या घरात पाय बरा करायचाय त्या घरात राहता येत नाही. मग कॅशलेस, फुले योजना आणि १६१ चे पन्नास हजार, एवढ्यावर थांबायचं. वकिलांना माझं हे पटणार नाही.

तुझ्या शेजारच्या खाटेवरची ती सालेकशाची बाई विचारत होती ना, तिलाही सांग. ती काळी-पिवळीत होती, भाडं देऊन. भाड्याच्या गाडीतल्या प्रवाशाला त्या गाडीचा विमा धरतो, तिचं काम तुझ्यापेक्षा सोपं आहे. एसटीत असती तर महामंडळच जबाबदार; तिकीट जपून ठेवायचं, २०१६ पासून त्यात अपघात सहायता निधीचा रुपया घेतात. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या कोहमारा रस्त्यावर डव्व्याजवळ शिवशाही उलटली, दहाहून अधिक माणसं गेली, चालक समोरच्या दुचाकीला वाचवायला गेला म्हणतात. तिथे गाडी कोणाची हा प्रश्न नव्हता, मदत त्याच दिवशी जाहीर झाली. सगळ्यात वाईट गत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर पिकअपमध्ये बसलेल्यांची. वरातीला जाताना, रोवणीच्या बाया नेताना आपण सर्रास बसतो. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याला विमा कंपनी धरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने आशा राणी प्रकरणात ठरवून टाकलंय. सोबत स्वतःचा माल असलेल्या मालधन्याला मात्र सूट आहे. म्हणून ट्रॉलीतल्या बाईसाठी १६१ चं महत्त्व तुझ्याहून जास्त.

आणि आपल्या जिल्ह्याची एक खास भानगड. शिरपूरचा नाका ओलांडला की छत्तीसगड, बालाघाटच्या बाजूला गेलं की मध्य प्रदेश. अपघात पलीकडे झाला तर १६१ चा अर्ज पलीकडच्या तहसीलदाराकडे. ट्रिब्युनलचा दावा मात्र तू राहतेस तिथे, गोंदियातच दाखल करता येतो. उपचार राजनांदगाव-रायपूरला घ्यायचे तर फुले योजना चालणार नाही, आयुष्मान कार्ड चालतं. सीमेवरच्या गावांनी ते कार्ड तरी काढून ठेवावं, कंटाळा न करता.

जावईबापूंच्या कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तोही वापरा. पूर्वी विमा कंपन्या म्हणायच्या, मेडिक्लेमने बिल दिलं ना, मग ते भरपाईतून वजा करा. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं, वजा करायचं नाही. तो वेगळा हप्ता भरून घेतलेला विमा आहे.

वकिलाचं शेवटी. वॉर्डात कार्ड वाटत फिरणारा, 'तीस टक्के माझे, बाकी तुमचे' म्हणणारा जो येऊन गेला, त्याला कोऱ्या कागदावर सही दिली नाहीस ना? देऊ नकोस. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसा १९८७ चा कायदा आहे. गोंदियाच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नाहीतर १५१०० ला फोन. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असं कायद्यात आहे. पाय बरा झाल्यावर बघू, असं म्हणत बसलीस तर मंडईपासून उन्हाळ्यापर्यंत सहा महिने कसे गेले ते कळणार नाही.

दिरांशी तू काही बोलू नकोस. आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांना मीच फोन करते. आधी खांदा कसा आहे विचारीन, मग पॉलिसीच्या दोन्ही बाजूंचा आणि लायसन्सचा फोटो मागीन, आणि कशाला हवाय तेही स्पष्ट सांगीन. सासूबाईंनी विचारलं तर म्हण, ताईने मागवलाय.